ज्याचा त्याचा वधस्तंभ

ज्याला माझ्यामागे यायचे असेल त्याने स्वतःला नाकारावे, आपला वधस्तंभ उचलावा आणि माझ्यामागून चालावे, हे येशूचे बोल मार्क, मत्तय आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानकारांनी जपून ठेवले आहेत, आणि लूकने तर त्यात ‘दररोज’ अशी भर घालून पळवाटच बंद केली आहे. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या कानांवर हे वचन उपवासकाळातल्या संदेशात पडते, दुखवट्याच्या घरी पडते, दवाखान्यात आजाऱ्याच्या उशाशी पडते, आणि माहेरी निघून आलेल्या लेकीची समजूत काढायला बसलेल्या बैठकीतही पडते. वचनाविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार असलीच तर ते कोण उच्चारतो याविषयी आहे. कारण बहुतेक वेळा ओझे ज्याच्या खांद्यावर असते तो गप्प असतो आणि त्याच्या शेजारी मोकळ्या हातांनी उभा असलेला माणूस हे वचन म्हणून दाखवत असतो.

मार्कच्या आठव्या अध्यायात या बोलण्याचे ठिकाण नेमके सांगितले आहे. हेर्मोन पर्वताच्या पायथ्याशी, यार्देन नदी जिथे उगम पावते त्या भागात फिलिप्पाच्या कैसरीयाची खेडी होती. नगराच्या नावातच रोमी सम्राटाचे आणि त्याच्या मांडलिकाचे नाव गुंफलेले. तिथल्या वाटेवर येशू शिष्यांना विचारतो की लोक मला कोण म्हणतात, आणि तुम्ही मला कोण म्हणता. पेत्र पटकन म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. लगेच येशू सांगू लागतो की मनुष्याच्या पुत्राला, म्हणजे आपल्याला, पुष्कळ दुःखे सोसावी लागतील, वडीलमंडळी आणि याजक त्याला नाकारतील, तो मारला जाईल आणि पुन्हा उठेल. पेत्राला हे रुचत नाही. तो गुरूला बाजूला घेऊन दटावू लागतो. त्यावर जे कठोर उत्तर मिळते ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण उत्तरानंतरची एक बारीक गोष्ट वाचताना निसटते. येशू शिष्यांबरोबर लोकसमुदायालाही जवळ बोलावतो आणि मग वधस्तंभाचे वचन बोलतो. म्हणजे हे वचन निवडक बारा जणांना दिलेली गुप्त दीक्षा नव्हती. ते भर रस्त्यात, कोणालाही ऐकू येईल असे बोलले गेले, आणि त्याच्या सुरुवातीला ‘ज्याला यायचे असेल’ अशी मोकळीक होती.

त्या गर्दीला वधस्तंभ म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. इ. स. पू. ४ मध्ये हेरोद राजा मेला तेव्हा त्या मुलखात बंडे उसळली, आणि सीरियाचा रोमी सुभेदार व्हारुस याने सुमारे २००० लोकांना वधस्तंभांवर चढवले, असे योसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो. येशूचे बोलणे ऐकणाऱ्यांत ज्यांचे केस पिकलेले होते, त्यांच्या तरुणपणीची ही गोष्ट. ज्याला ही शिक्षा व्हायची त्याच्याकडूनच स्तंभाची आडवी तुळई वाहून घेण्याची रीत होती, म्हणजे मरणाच्या आधी भर बाजारातून धिंड निघत असे. ही शिक्षा मुख्यतः गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखलेली. रोमी नागरिकाला सहसा ती होत नसे. तेव्हा ‘आपला वधस्तंभ उचला’ याचा त्या दिवशीचा अर्थ काही गुडघेदुखी किंवा खाष्ट सासू असा होत नव्हता. माझ्या वाटेने आलात तर राज्यकर्ते तुम्हाला गुन्हेगार ठरवतील आणि चारचौघांत तुमची अब्रू जाईल, तेवढी तयारी असेल तरच या, असा त्याचा सरळ अर्थ होता.

मार्कने हा भाग रचला आहे तोही विलक्षण आहे. आठव्या, नवव्या आणि दहाव्या अध्यायांत येशू आपल्या मरणाविषयी एकूण तीन वेळा बोलतो, आणि तिन्ही वेळा शिष्यांच्या डोक्यात भलतेच काहीतरी शिरते. पहिल्या वेळी पेत्र दटावतो. दुसऱ्या वेळी सगळे वाटेत आपल्यात मोठा कोण यावर वाद घालत येतात, आणि कशावर बोलत होता असे विचारल्यावर शाळकरी पोरांसारखे गप्प बसतात. तिसऱ्या वेळी याकोब आणि योहान हे जब्दीचे मुलगे गौरवाच्या दिवशी उजवीकडची आणि डावीकडची जागा आधीच राखून मागतात. या तीन प्रसंगांच्या अलीकडे बेथसैदाचा आंधळा आहे आणि पलीकडे यरीहोचा आंधळा बार्तीमय. बेथसैदाच्या आंधळ्याला एका स्पर्शाने नीट दिसत नाही. माणसे दिसतात, पण झाडांसारखी, चालताना. दुसरा स्पर्श झाल्यावर मग सगळे स्पष्ट होते. बार्तीमय मात्र दृष्टी येताच वाटेने येशूच्या मागे चालू लागतो. शिष्यांची दृष्टी बेथसैदाच्या त्या माणसाची, पहिल्या स्पर्शानंतरची आहे, असे मार्कला सुचवायचे असावे. मला हे वाचताना दिलासा वाटतो तो एवढ्यासाठी की ज्यांनी हे वचन प्रत्यक्ष कानांनी ऐकले त्यांनाही ते कळायला वेळ लागला, आणि तरी त्यांना कोणी वाटेवरून घालवून दिले नाही.

आमच्याकडे मात्र हे वचन फार लवकर कळते. एका घरप्रार्थनेत मी बसलो होतो. पत्र्याच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, भिंतीवर रोजच्या वचनाची दिनदर्शिका, आतल्या बाजूला चहाचे आधण ठेवलेले. प्रार्थनेचे विषय सांगण्याची वेळ आली तेव्हा एका तरुण बाईने, मान वर न करता, घरात शांती यावी म्हणून प्रार्थना करा असे सांगितले. तिचा नवरा पितो आणि मारतो हे त्या खोलीत सर्वांना माहीत होते, आणि नसते तरी तिच्या मनगटाची सूज बांगड्यांखाली झाकली जात नव्हती. जवळ बसलेल्या एका वयस्क बाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, “हा तुझा वधस्तंभ आहे, पोरी. प्रभूनं दिलाय, प्रभूच बळ देईल.” बाकीच्यांनी आमेन म्हटले. त्या बाईंच्या स्पर्शात माया होती, आणि त्यांनी स्वतः तरुणपणी हेच सोसले होते हे मला ठाऊक असल्यामुळे त्यांना कठोर म्हणण्याची माझी हिंमत होणार नाही. पण त्या एका वाक्याने मारणारा माणूस खोलीतून अलगद बाहेर पडला, आणि मार खाणारी आणि देव एवढे दोघेच उरले.

आमच्या पूर्वजांनी धर्म बदलला तरी काही जुने हिशेब त्यांच्याबरोबरच आले, असे मला अशा वेळी वाटते. पूर्वी ज्याला नशिबाचे भोग म्हणत आणि भोगून संपवण्याचा सल्ला देत, त्याच भोगावर आम्ही वधस्तंभाचे नाव चिकटवले. येशूच्या शिष्यांनाही हा हिशेब सुटलेला नव्हता. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसताच त्यांचा पहिला प्रश्न असा की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशू तो हिशेबच मोडीत काढतो, याचेही नाही आणि त्यांचेही नाही म्हणतो, आणि त्या माणसाला बरे करण्याच्या कामाला लागतो.

नव्या करारात सोसण्याचा उपदेश आहे, हे मी लपवणार नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय घरच्या दासांना सांगतो की कठोर धन्याच्याही अधीन राहा, अन्याय सोसताना ख्रिस्ताने घालून दिलेला कित्ता गिरवा. अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी असल्या वचनांचा कसा वापर केला हे इतिहासात नोंदलेले आहे. पण ते पत्र ज्यांना लिहिले त्यांच्यासाठी दार ठोठवायला कचेरी नव्हती आणि दाद मागायला कायदा नव्हता, ही गोष्ट वाचताना सुटता कामा नये. ज्याच्यापाशी कायदा होता तो कसा वागला, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात दिसते. यरुशलेमात फटके मारण्यासाठी बांधले जात असताना प्रेषित पौल शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याला, विचारतो की दोषी न ठरवता रोमी नागरिकाला फटके मारणे तुम्हाला कायदेशीर आहे काय, आणि फटके टळतात. फिलिप्पैमध्ये अधिकारी त्याला गुपचूप तुरुंगातून सोडू पाहतात तेव्हा, आम्हाला चारचौघांत मारलेत, आता स्वतः येऊन बाहेर न्या, असा तो हट्ट धरतो. पुढे तर कैसराकडे दाद मागतो. खुद्द येशूला प्रमुख याजकाच्या घरी एका शिपायाने चपराक मारली तेव्हा, मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असा जाब त्याने विचारला. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण देणाऱ्याचाच हा प्रश्न आहे. मग त्या घरप्रार्थनेतल्या बाईने २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा आधार घेतला तर तिने वधस्तंभ खाली ठेवला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आजाराचे आणि मरणाचे दुःख वेगळे. तिथे जाब विचारायला समोर कोणी माणूस नसतो. पण तिथेही पवित्र शास्त्र माणसाला लगेच मान तुकवायला सांगत नाही. सगळे गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसून राहिले, तोवर ते उत्तम मित्र होते. बिघडले ते त्यांनी तोंड उघडल्यावर, आणि शेवटी देवाने फटकारले तेही या शहाण्या मित्रांना, देवाशी भांडणाऱ्या ईयोबाला मात्र ‘माझा सेवक’ म्हटले. पौलाच्या शरीरात कसलातरी काटा होता आणि तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, हे त्याने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात स्वतः सांगितले आहे. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर या मागण्यांनंतर आले, आणि ते पौलाला मिळाले. पौलाने ते दुसऱ्या कोणा आजाऱ्याच्या तोंडावर फेकलेले नाही. गेथशेमाने बागेत तर प्रत्यक्ष येशूच जमिनीवर पडून हा प्याला दूर कर म्हणतो. ‘तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ हे त्याच्या प्रार्थनेचे दुसरे अर्धे वाक्य आहे. आम्ही दुखवट्याच्या घरी जातो ते थेट या दुसऱ्या अर्ध्यापाशी, आणि पहिले अर्धे म्हणायला त्या घराला उसंतच ठेवत नाही.

शिष्यत्वासाठी सोसणे म्हणजे काय हे मराठी मुलखात पाहायचे तर पंडिता रमाबाईंइतके ठळक उदाहरण मला दुसरे दिसत नाही. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने खंगून गेले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले आणि तेविशी-चोविशीच्या रमाबाईंच्या पदरात तान्ही मनोरमा उरली. ही सगळी दुःखे त्यांच्यावर कोसळलेली होती. त्यांतले एकही त्यांनी निवडलेले नव्हते, आणि ख्रिस्ती तर त्या अजून झालेल्याही नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर जे सुरू झाले त्याला वधस्तंभ उचलणे म्हणता येईल. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी काढलेले शारदासदन पुण्यास आले, आणि १८९३ मध्ये तिथल्या विधवांवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दुसऱ्या बाजूने चर्चच्या अधिकाऱ्यांनाही या बाईंचा स्वभाव झेपत नव्हता. वाँटेजच्या ज्या जोगीण सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई मानत, त्यांच्याशीही पत्रांतून त्यांनी धर्ममतांवर कडक वाद घातला आणि आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली केली नाही.

मग १८९६ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींच्या बातम्या येऊ लागल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांची जमीन होती. तिथे मुक्तिसदन उभे राहिले, आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुलीही तिथे आल्या. भूक कशी असते हे ज्या बाईला कोवळ्या वयात कळले होते तिने दुसऱ्यांच्या भुकेकडे ईश्वरी योजना म्हणून पाहिले नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांना कसे वागवले जाते याविषयी त्यांनी वर्तमानपत्रातून उघड तक्रार केली, तीही ज्या सरकारची मर्जी सांभाळणे एका मिशन चालवणाऱ्या बाईला सोयीचे होते त्या सरकारविरुद्ध. स्वतःच्या वाट्याला जे आले त्याविषयी मात्र त्यांचा सूर निराळा आहे. उतारवयात ऐकू येईनासे झाले होते, तरी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम वर्षानुवर्षे चालू होते, आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, ज्यांच्या हाती संस्था सोपवायची त्याच. भाषांतर पूर्णत्वास नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. दुसऱ्यांचे दुःख हटवायचे आणि ते हटवताना आपल्या अंगावर येईल ते झेलायचे, हा क्रम त्यांच्या आयुष्यात मला कुठे उलटा झालेला दिसत नाही, आणि आमच्या मंडळ्यांत तो फार सहज उलटा होतो.

पण शिष्यत्वाची किंमत नेहमी शिष्यच चुकती करतो असेही नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. टिळकांनीही तो केला असणार, नोकरी, जात, नातीगोती यांचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र त्या हिशेबाला कोणी बसवले नव्हते, आणि बिल त्यांच्या नावावरही फाटले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे काढलेले दिवस, लोकांच्या नजरा. हे सगळे त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’त हसत-हसत लिहिले म्हणून आपणही हसत वाचतो. त्याच चौदाव्या अध्यायात आईबाप, बायको, मुले यांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही असेही एक भयंकर वचन आहे. त्यातला द्वेष म्हणजे दुय्यम लेखणे असा खुलासा सगळे टीकाकार करतात आणि तो खरा आहे. तरी दुय्यम लेखले गेल्यावर कसे वाटते हे लक्ष्मीबाईंना विचारावे. त्या नवऱ्याकडे परत आल्या तेव्हा आपला स्वयंपाक, आपले सोवळे वेगळे ठेवून राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने घेतला, टिळकांच्या मागून ओढल्या जाऊन नव्हे. मला त्या दोघांतली अधिक मोठी शिष्या कोण असे कोणी विचारले तर मी उत्तर द्यायला फार वेळ घेणार नाही.

इथवर मी दोन खाती पाडली आहेत: एक निवडलेले सोसणे, दुसरे लादलेले सोसणे, आणि वचन पहिल्याच खात्यासाठी आहे. ही विभागणी मला पटते, पण मार्कच्या पंधराव्या अध्यायाशी आली की ती गळू लागते. येशूचा वधस्तंभ प्रत्यक्ष उचलणारा जो एकमेव माणूस शुभवर्तमानांत भेटतो त्याने तो निवडलेला नव्हता. शिमोन नावाचा, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कुरेनेचा, रानातून येणारा वाटसरू. शिपायांनी त्याला वेठीस धरले. ‘तुझ्याबरोबर मरेन’ म्हणणारा दुसरा शिमोन, म्हणजे पेत्र, आदल्याच रात्री तीनदा नाकारून गेलेला होता. आमच्या नगर जिल्ह्यातल्या जुन्या पिढीला हा प्रसंग वेगळा शिकवावा लागला नसेल. त्यांच्यातले बहुतेक ज्या जातींतून आले होते त्यांना वतनाच्या नावाखाली गावकीची कामे करावी लागत, दौऱ्यावर आलेल्या साहेबाचा बाडबिस्तरा पुढच्या गावापर्यंत डोक्यावरून पोचवावा लागे. ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. शिपायाने खांद्यावर भाला टेकवला की काय करावे लागते हे त्यांना शिमोनाइतकेच माहीत होते.

लूक आणखी एक तपशील देतो: शिपायांनी तो वधस्तंभ शिमोनाच्या खांद्यावर दिला तो येशूच्या मागून वाहण्यासाठी. शिष्याची जागा मागे असते, आणि त्या दिवशी ती जागा एका वेठबिगाराने भरली. म्हणून लादलेले ओझे कधीच कोणाचा वधस्तंभ होऊ शकत नाही, असे मी म्हणू धजत नाही. होऊ शकते, पण तसे म्हणण्याचा हक्क ज्याने ते वाहिले त्याचाच. तुकोबांनी दुष्काळात निघालेल्या दिवाळ्याला ‘बरे झाले’ म्हटले, ज्या दुष्काळात त्यांची एक बायको अन्न अन्न करीत मेली. तुकोबांनी म्हटले तेव्हा तो अभंग झाला. त्या दिवशी देहूतल्या एखाद्या सावकाराने ओट्यावर बसून त्यांना तेच सांगितले असते तर त्याला काय म्हणायचे ते वाचकांनी ठरवावे.

शिमोनाला पुढे काय वाटले हे मार्क सांगत नाही. आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप, एवढीच त्याची ओळख तो देतो, जणू वाचणाऱ्यांना ही दोन्ही मुले माहीत आहेत. मत्तय आणि लूक यांनी ही नावे गाळली. त्यांच्या वाचकांना ती ओळखीची नसावीत. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस एका रूफाला सलाम सांगतो आणि त्याच्या आईलाही, जी माझीही आई आहे असे म्हणतो. हा रूफ तोच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. रूफ हे नाव रोममध्ये पैशाला पासरी होते, त्यामुळे पैज लावण्यासारखी ही गोष्ट नाही. पण तोच असेल, तर वेठीला धरलेल्या त्या माणसाच्या घरात नंतर कधीतरी त्या दिवसाविषयी बोलणे झाले असले पाहिजे, आणि ते बायकोला आणि मुलांना सांगणारा शिमोन स्वतः होता.